पोटाच्या कॅन्सरमधला विषाणू: तो नेमक्या कोणत्या पेशीत आहे, हे कसं कळू लागलं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरात जठराच्या कॅन्सरचा रिपोर्ट येतो. त्यात खाली एक ओळ असते: 'ईबर पॉझिटिव्ह'. कुणीतरी अर्थ विचारून येतं, 'विषाणू सापडलाय' एवढंच घरी पोचतं, आणि त्या रात्रीपासून बाबांचं ताट-वाटी वेगळं होतं. याची अजिबात गरज नसते. एपस्टाइन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात आधीपासूनच असतो. बहुतेकांना तो लहानपणी लाळेतून मिळतो आणि रक्तातल्या बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींत जन्मभर दडून राहतो. बाबांचं ताट घासणाऱ्यांच्या अंगातही तो असण्याचीच शक्यता जास्त.

प्रयोगशाळेची अडचण नेमकी हीच आहे. जो विषाणू जवळपास प्रत्येकात आहे, तो गाठीच्या तुकड्यात सापडला म्हणून काय सिद्ध होतं? बायॉप्सीच्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशींबरोबर रक्त असतं, लिम्फोसाइट असतात. विषाणू त्यांच्यातला की गाठीतला? ईबीव्ही शोधण्याच्या पद्धती एकामागून एक बदलत गेल्या, त्या या एका प्रश्नापायी.

सुरुवात पोटापासून झाली नाही. युगांडात काम करणारे शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९६१ साली लंडनमध्ये आफ्रिकी मुलांच्या जबड्यात होणाऱ्या गाठींवर व्याख्यान दिलं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन होते. या गाठींमागे विषाणू असेल असं त्यांच्या मनाने घेतलं. कंपालाहून विमानाने तुकडे येत राहिले, दोन वर्षं हाती काही लागलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये असाच एक तुकडा घेऊन येणारं विमान धुक्यामुळे लंडनऐवजी मँचेस्टरला उतरवावं लागलं. पौष-माघात दिल्लीच्या गाड्यांची वाट पाहत ताटकळणाऱ्या ग्वाल्हेरकरांना या उशिराची कल्पना सहज येईल. तुकडा पोचला तेव्हा बाटलीतला द्रव गढूळ झाला होता. जिवाणू वाढले असतील म्हणून तो फेकूनच दिला जाणार होता, पण आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला, आणि त्यात गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी मोकळ्या तरंगत होत्या. त्या वाढवल्या, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या आणि विषाणू दिसला. एपस्टाइन, बर्ट अचॉन्ग आणि इव्हॉन बार यांचा हा शोध मार्च १९६४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला विषाणूचा तयार झालेला कण लागतो. कॅन्सरच्या पेशीत मात्र ईबीव्ही बहुधा सुप्त असतो. कण बनतच नाहीत, केंद्रकात फक्त त्याचा डीएनए गोल कडीसारखा पडून असतो. त्यामुळे पुढची वाट डीएनए शोधण्याची होती. १९७० साली हाराल्ड त्सुर हाउजेन आणि सहकाऱ्यांनी नाक-घशाच्या कॅन्सरमध्ये हा डीएनए दाखवला, आणि १९७३ मध्ये तो तिथल्या एपिथेलियल, म्हणजे अस्तराच्या पेशींतच असल्याचं इन सिटू हायब्रिडायझेशनने (विषाणूच्या डीएनएला पेशीत जागच्या जागी पकडण्याच्या पद्धतीने) सिद्ध झालं. जठराकडे मात्र पुढची बरीच वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही.

ते १९९० मध्ये गेलं. बर्क आणि सहकाऱ्यांनी जठराच्या अशा एका गाठीचा अभ्यास केला, जिच्यात कॅन्सरच्या पेशींभोवती लिम्फोसाइटची दाट गर्दी होती. नाक-घशाच्या ईबीव्ही-कॅन्सरचं रूप हेच. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याची पद्धत, लावला आणि विषाणू मिळाला. दोन वर्षांनी शिबाटा आणि वाइस यांनी जठराच्या नेहमीसारख्या दिसणाऱ्या ॲडिनोकार्सिनोमाही (ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या गाठी) तपासल्या: १३८ पैकी २२, म्हणजे १६ टक्के पॉझिटिव्ह. १९९३ मध्ये जपानच्या कागोशिमातल्या ९९९ गाठींत प्रमाण ६.९ टक्के निघालं.

पीसीआर मेणाच्या ब्लॉकवर, म्हणजे फॉर्मालिनमध्ये टिकवून मेणात बसवलेल्या तुकड्यावर चालतो, आणि विषाणूचा पुन्हा पुन्हा येणारा बॅम-एच-डब्ल्यू हा भाग निशाण्यावर घेतला तर अगदी थोड्या प्रतीही पकडतो. पण हीच संवेदनशीलता इथे घातक ठरते. शेजारच्या एखाद्या लिम्फोसाइटमधल्या विषाणूनेही निकाल पॉझिटिव्ह येतो. मायक्रोटोमच्या, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप काढणाऱ्या यंत्राच्या पात्यावर आधीच्या केसचा कण राहिला तरी येतो. म्हणून प्रत्येक ब्लॉकला नवं पातं लावायचं, आणि दोन ब्लॉकांच्या मध्ये नुसत्या मेणाचा कोरा ब्लॉक कापून त्याचाही पीसीआर लावायचा. कोऱ्याचा निकाल पॉझिटिव्ह आला तर त्या दिवशीचं सगळं काम रद्द. उलट बाजूने, फॉर्मालिनने डीएनए तुटतो, त्यामुळे २०० बेसजोड्यांहून (बेसजोडी म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी) लांब तुकडा वाढवायला गेलं की खोटा निगेटिव्ह येण्याची भीती असते.

या पेचातून सोडवलं ते ईबरने. १९८१ मध्ये लर्नर, स्टाइट्झ आणि सहकाऱ्यांनी ईबीव्हीचे दोन छोटे आरएनए वर्णन केले, एक १६७ आणि दुसरा १७२ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचा). हेच ईबर. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, पण सुप्त संसर्ग झालेल्या एकेका पेशीत त्यांच्या दहा लाखांहून अधिक प्रती असू शकतात. त्यांचा पट्टा स्वतःवरच दुमडलेला असतो आणि प्रथिनांना चिकटून राहतो, म्हणून तो फॉर्मालिन आणि मेणातूनही बऱ्यापैकी टिकतो. एवढा ठळक निशाणा मिळाल्यावर पेशी जागची न हलवता, स्लाइडवरच रंग उमटवता येऊ लागला. जठराच्या कॅन्सरमध्ये ईबीव्ही ठरवण्याची ही आजची प्रमाण चाचणी आहे.

ती अशी चालते. ब्लॉकचा ४ मायक्रॉनचा काप लेप दिलेल्या स्लाइडवर घ्यायचा, साध्या काचेवरचा काप पुढच्या धुण्यात सुटून जातो. झायलीनने मेण काढायचं, अल्कोहोलमधून न्यायचं, मग प्रोटिनेज-के किंवा पेप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमने ३७ अंशांवर १० ते ३० मिनिटं पचवायचं. सगळा खेळ या पायरीवर आहे. पचन कमी झालं तर प्रोब (ईबरला जाऊन चिकटणारा, खूण लावलेला तुकडा) केंद्रकात शिरत नाही, जास्त झालं तर केंद्रकंच विरतात आणि कापाला भोकं पडतात. मग फ्लुओरेसिन किंवा डिगॉक्सिजेनिन हा खुणेचा रेणू जोडलेला प्रोब काही थेंब घालून, कव्हरस्लिप ठेवून ओलसर पेटीत हायब्रिडायझेशन. त्यानंतर कडक धुणं, त्या खुणेला धरणारी, अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी आणि त्या एन्झाइमने रंग उमटवणारं एनबीटी-बीसीआयपी. पॉझिटिव्ह केंद्रक निळं-काळं होतं, बाकी पेशी न्यूक्लियर फास्ट रेडने गुलाबी.

वाचताना नजर केंद्रकावर ठेवायची. सायटोप्लाझममधला रंग धरायचा नाही. ग्रंथींमधल्या कॅन्सरपेशींची केंद्रकं एकजात काळी दिसली तरच गाठ पॉझिटिव्ह. स्ट्रोमात, म्हणजे ग्रंथींमधल्या आधार-ऊतीत, इकडेतिकडे चार-दोन लिम्फोसाइट काळे दिसतात, त्यांच्यावरून 'पॉझिटिव्ह' लिहिणं ही सरळ चूक आहे, आणि ती होते.

निगेटिव्ह लिहिण्यापूर्वी दुसरी स्लाइड हवीच: पेशीच्या स्वतःच्या आरएनएचा, उदाहरणार्थ यू-६ चा प्रोब. तोही उमटला नाही तर आरएनएच संपलेला आहे, आणि त्या ब्लॉकवर 'निगेटिव्ह' हा शब्द लिहिता येत नाही. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की याची कारणं वाढतात. तुकडा सलाइनमध्ये टेबलावर राहिला की पेशी स्वतःच्याच एन्झाइमांनी कुजू लागतात. कोरड्या हवेत ओलसर पेटी सुकते, प्रोब कडेने आटतो आणि कापाच्या काठाला खोटा रंग चढतो. हातमोज्याशिवाय धरलेल्या स्लाइडवर बोटांवरचा आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, पोचतो.

फॉर्मालिनबद्दलही जपायला हवं. बाजारात मिळणारं द्रावण १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे क्षार टाळून नुसतं पाणी घातलं तर फॉर्मालिन आंबट होतं, न्यूक्लिक आम्ल तुटतं आणि रक्ताळ जागी तपकिरी-काळा रंगकण बसतो, जो घाईत सिग्नल वाटू शकतो.

आता उरला तो प्रश्न: कॅन्सर झालेल्या पेशीत विषाणू नंतर घुसला असेल तर? याचं उत्तर सदर्न ब्लॉटने (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून पट्ट्यांच्या रूपात पाहण्याच्या पद्धतीने) दिलं, आणि या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा पुरावा आहे. ईबीव्हीच्या डीएनएच्या दोन्ही टोकांना सुमारे ५०० बेसजोड्यांचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. पेशीत शिरल्यावर टोकं जुळून कडी होते, आणि त्या जोडात किती तुकडे राहतील हे दर वेळी वेगळं असतं. पेशी दुभंगली की तोच आकडा पुढे जातो. म्हणजे गाठ एकाच संसर्ग झालेल्या पेशीपासून वाढली असेल तर ब्लॉटवर एकच पट्टी येईल, आणि विषाणू मागाहून अनेक पेशींत शिरला असेल तर पट्ट्यांची शिडी. ही युक्ती रॅब-ट्रॉब आणि फ्लिन यांनी १९८६ मध्ये मांडली, आणि १९९४ मध्ये इमाई आणि सहकाऱ्यांनी जठराच्या गाठींत एकच पट्टी दाखवली. विषाणू गाठ वाढण्याआधीच आत होता. रोजच्या कामात मात्र ही चाचणी बसत नाही, कारण तिला ताज्या, गोठवलेल्या तुकड्यातला कित्येक मायक्रोग्रॅम अखंड डीएनए लागतो.

ईबीव्हीच्या एलएमपी-१ या प्रथिनाचं इम्युनोस्टेनिंग (अँटिबॉडीने प्रथिन रंगवून पाहणं) लिम्फोमात, म्हणजे लिम्फोसाइटच्या कॅन्सरमध्ये, उपयोगी पडतं, म्हणून ते जठरावरही लावलं जातं. जठराच्या ईबीव्ही-कॅन्सरमध्ये ते प्रथिन बहुधा तयारच होत नाही, त्यामुळे त्या निगेटिव्हला अर्थ नाही. रक्तातल्या ईबीव्ही अँटिबॉडीवरूनही गाठीबद्दल काही ठरत नाही.

बरीच वर्षं ईबर हा संशोधनाचा विषय राहिला. २०१४ मध्ये कॅन्सर जीनोम ॲटलस या अमेरिकी संशोधन प्रकल्पाने २९५ गाठी तपासून जठराच्या कॅन्सरचे चार गट पाडले, त्यात ईबीव्ही हा स्वतंत्र गट ठरला, ९ टक्क्यांचा. २०१८ मध्ये कोरियातल्या एका अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलेल्या सहाच्या सहा ईबीव्ही-पॉझिटिव्ह रुग्णांची गाठ आटली. आकडा लहान आहे, पण त्यानंतर डॉक्टर हा रिपोर्ट उपचारासाठी मागू लागले.

ही तपासणी बाहेरगावी करून घ्यायची असेल तर पाठवायचा तो मूळ मेणाचा ब्लॉक. आधीच कापून महिनोन्‌महिने खोलीच्या तापमानात ठेवलेल्या स्लाइड पाठवू नयेत, त्यांच्यातला सिग्नल उतरत जातो. उन्हाळ्यात ब्लॉक थंड पिशवीत बांधावा. आणि एंडोस्कोपीच्या वेळीच गाठीतून सहा-आठ तुकडे घेऊन लगेच, त्यांच्या किमान दहापट फॉर्मालिनमध्ये टाकले असतील तर दुसऱ्यांदा नळी घालायची वेळ सहसा येत नाही.