गॅस्केटवरील सीलंट (जुनी मोटारसायकल इंजिने)

जुन्या मोटारसायकलचे इंजिन खोलून पुन्हा जोडताना गॅस्केटला (दोन भागांच्या सांध्यात बसवलेल्या पातळ थराला), किंवा गॅस्केट नसल्यास थेट धातूच्या जोडपृष्ठांना, गळतीरोधक लेप लावण्याची पद्धत. गॅरेजमध्ये गॅस्केटला ‘पॅकिंग’ म्हणतात. लेपाला शेलॅक, बॉन्ड किंवा सिलिकॉन.

ही पद्धत मोटारसायकलीहून जुनी आहे. बाष्पयंत्रांच्या नळ्यांचे व झाकणांचे सांधे सफेदा किंवा शेंदूर, म्हणजे शिशाची संयुगे, जवसाच्या तेलात मळून बंद करीत. लाखेचे स्पिरिटमधील द्रावण, म्हणजे शेलॅक, इंजिनांच्या कामात बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रूढ झाले. न सुकणारा निळा हायलोमार लेप रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनांच्या गरजेतून पुढे आला. हवेविना घट्ट होणाऱ्या, म्हणजे ॲनेरोबिक, लेपाच्या जनकत्वाबद्दल मात्र दोन मते दिसतात. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकातच असे रसायन हाती लागले होते. पण ते द्रवरूप ठेवण्यासाठी त्यातून सतत हवा सोडावी लागे. बाटलीत टिकणारे रूप हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजातील प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये साधले आणि त्यातूनच लॉकटाइट ही उत्पादने निघाली. मूळ निरीक्षण आधीचे असले, तरी वापरण्याजोग्या लेपाचे श्रेय क्रीबल यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते.

लेपांचे वर्तन एकसारखे नसते. शेलॅक सुकून कडक होते. स्पिरिटने ते सुटते, पण पुढच्या वेळी पॅकिंग तुकड्या-तुकड्यांनी खरवडावे लागते. हायलोमार चिकट राहतो, म्हणून वारंवार उघडाव्या लागणाऱ्या कव्हरना सोयीचा. सिलिकॉन हवेतील ओलाव्याने रबरासारखे जमते. त्याच्या काही प्रकारांना जमताना व्हिनेगरसारखा वास येतो आणि पूर्ण जमायला साधारण एक दिवस लागतो. नेहमीचे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते, त्यामुळे कार्बोरेटर किंवा इनटेकच्या (इंजिनात मिश्रण जाण्याच्या वाटेच्या) सांध्याला ते चालत नाही. ॲनेरोबिक लेप घासून सपाट केलेल्या धातूंमधील बारीक फटीसाठीच आहे. कागदी पॅकिंगवर त्याचा उपयोग नाही.

भारतात लेपाच्या निवडीची बरीच चर्चा होते ती कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटबाबत. मद्रासमध्ये १९५५ पासून जुळणी होऊ लागलेले हे ३४६ सीसीचे इंजिन थोड्याफार बदलांसह २००९-१० च्या सुमारापर्यंत चालू राहिले. त्याच्या क्रँककेसचे (क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा दांडा, ज्यात बसतो त्या खालच्या पेटीचे) दोन अर्ध उभ्या रेषेत जुळतात आणि त्या सांध्यात पॅकिंग नसते, फक्त लेप असतो. खरी जोखीम टायमिंग कव्हरची, म्हणजे टायमिंग गिअरवरच्या बाजूच्या झाकणाची. तेलपंप याच कव्हरमध्ये बसतात. तिथून तेल कव्हरमधल्या वाहिन्यांतून क्रँकशाफ्टच्या टोकाकडे व पुढे बिग एंडकडे (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकशाफ्टकडील बेअरिंगकडे) जाते. कव्हरला सिलिकॉनची जाड वळी फिरवली, की बोल्ट आवळताना ती दोन्ही बाजूंना पिळून निघते. बाहेर आलेली कडा दिसते आणि पुसली जाते. आत गेलेली तुटून तेलाच्या भोकाशी जाऊन बसते. बाहेर चार थेंब गळणारे इंजिन वर्षानुवर्षे चालते, तेल न मिळालेला बिग एंड थोड्याच वेळात जातो. कोरडे इंजिन हेच चांगल्या कामाचे लक्षण मानण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

टू-स्ट्रोक इंजिनांत गळती उलट दिशेची असते. मैसूर येथे १९६१ पासून बनलेल्या जावा व नंतरच्या येझ्दी या गाड्यांत ताजे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते. सांधा सैल असल्यास तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन तापून सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. इथे क्रँककेसच्या सांध्याला पेट्रोल सोसणारा लेप हवाच. ब्लॉकखालच्या (सिलिंडरखालच्या) पॅकिंगची जाडी मात्र मनाने वाढवू नये. ब्लॉक वर उचलला गेला, की पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतील वायूची भोके) उघडण्या-मिटण्याच्या वेळा बदलतात आणि कॉम्प्रेशनही उतरते.

कागदी पॅकिंगला लेप लावावा की नाही, याबाबत एकमत नाही. एक मत असे, की पॅकिंग कोरडे किंवा नुसते ग्रीस चोळून बसवावे, कारण ते तेल शोषून फुगते व स्वतःच सील होते. नव्या, सपाट पृष्ठांबाबत हे खरे आहे. पन्नास वर्षांच्या कव्हरवर पेचकसाने उचकटल्याचे ओरखडे असतात, बोल्टभोवतीचा धातू वर आलेला असतो. तिथे दुसरे मत, म्हणजे पातळ लेप, अधिक पटते. न सुकणारा लेप कव्हरच्या बाजूला आणि ग्रीस क्रँककेसच्या बाजूला लावल्यास पुढच्या वेळी पॅकिंग कव्हरला चिकटून अखंड निघते. हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या) संमिश्र पॅकिंगला सहसा काहीच लावत नाहीत. तांब्याचे पॅकिंग फिकट लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले, की मऊ होते.

लेपापेक्षा तयारीला वेळ द्यावा लागतो. जाड काचेवर एमरी पेपर पसरून कव्हर आठच्या आकड्यात फिरवत घासले, की चकाकी आधी उंच जागी येते. राखाडी राहिलेला भाग म्हणजे खोलगट जागा. तयार पॅकिंग न मिळाल्यास कागद कव्हरवर ठेवून कडेकडेने गोल तोंडाच्या छोट्या हातोडीने हलके ठोकतात. कागद कडेवर तुटत जातो आणि भोके आपोआप उमटतात; मात्र हे फक्त भक्कम कडेवर करावे, पातळ ॲल्युमिनियमची कड उडते. पृष्ठे थिनरने पुसून लेप बोटाने इतकाच पसरावा, की खालचा धातू दिसत राहील. तळ बंद असलेल्या बोल्टच्या भोकांत लेप किंवा तेल साचू देऊ नये. बोल्ट आवळताना त्या दाबाने क्रँककेसला तडा जाऊ शकतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळतात.

सर्व सांध्यांतून एकाच वेळी तेल झिरपू लागले, तर आधी ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी वाट, पाहावा. तो तुंबला असेल तर आतला दाब कोणत्याही लेपातून वाट काढतो. जुन्या हेड पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टस असण्याची शक्यता असते, म्हणून ते कोरडे घासू नये. ओले करून काढावे आणि त्यावर हवेचा झोत मारू नये.