‘टेबल’ या इंग्रजी क्रियापदाच्या दोन अर्थांची पार्श्वभूमी

नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झाले की इंग्रजी बातम्यांत ‘टेबल’ हे क्रियापद वारंवार येते आणि अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला, असा त्याचा अर्थ इथला वाचक बिनचूक लावतो. नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातील एखाद्या कर्मचाऱ्याला अमेरिकेतून ‘लेट्स टेबल इट’ असे उत्तर आले, तर मात्र तो विषय तूर्त बाजूला ठेवायचा असतो. इथला अर्थ धरून चालणारा माणूस त्याच संध्याकाळी त्यावरचे टिपण पाठवून मोकळा होतो.

दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे. सभागृहातील मेजावर ठेवलेला कागद सदस्यांसाठी खुला होतो, आणि पुढचा आदेश होईपर्यंत तो तिथेच पडूनही राहतो. ब्रिटिश वापरात पहिली बाजू टिकली, तर अमेरिकेत दुसरी.

अमेरिकेतील वापराला धार आणली ती १८३६ च्या ठरावाने. गुलामगिरीविषयीचे सर्व अर्ज न छापता, समितीकडे न पाठवता मेजावर ठेवावेत आणि त्यांवर पुढे कोणतीही कारवाई करू नये, असे प्रतिनिधिगृहाने मे महिन्यात ठरवले. पुढे ढकलण्याचा अर्थ तिथे आधीच रुळत होता. पण ‘मेजावर ठेवणे’ म्हणजे तोंड बंद करणे, हे या ठरावाने उघड केले. यामुळे सभागृहातील कटुता टळेल, असे समर्थकांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात नागरिकांचा अर्ज करण्याचा हक्कच त्यात गुंडाळला गेला, हा विरोधकांचा आक्षेप अधिक खरा होता. डिसेंबर १८४४ मध्ये हा नियम रद्द झाला, तरी शब्दाचा अर्थ मागे फिरला नाही. दुसऱ्या महायुद्धातही ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांत याच शब्दावरून बराच वेळ वाद रंगला. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, हे नंतर ध्यानात आले.

नागपुरात ब्रिटिश अर्थ मध्य प्रांताच्या विधिमंडळाबरोबर रुजला आणि १९५३ च्या नागपूर करारानुसार भरणाऱ्या अधिवेशनांमुळे टिकला. संविधानाच्या अनुच्छेद १५१ मध्ये मात्र लेखापरीक्षा अहवालांसाठी ‘लेड बिफोर’ अशी निःसंदिग्ध शब्दयोजना आहे. बातम्यांत विधेयकालाही सर्रास ‘टेबल’ लावले जाते; विधेयक ‘इंट्रोड्यूस’ होते आणि अहवाल व कागदपत्रे ‘टेबल’ होतात, हा भेद पाळायला हवा. अमेरिकेशी होणाऱ्या पत्रव्यवहारात ‘प्रेझेंट’ किंवा ‘पोस्टपोन’ असे स्पष्ट लिहावे.