कोकणातले पूर : वरून पाऊस आणि खालून भरती

चिपळूणला किंवा महाडला पूर आला की टीव्हीवर पावसाचा आकडा सांगतात, चोवीस तासांत एवढे मिलिमीटर पडला म्हणून पूर आला, आणि विषय तिथेच संपतो. आमच्याकडची जुनी माणसं मात्र पाऊस किती पडला याच्या आधी विचारायची, आज तिथी कोणती? कारण भरतीचा हिशोब तिथीवर असतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की साधारण भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या सुमाराला, दिवसातून दोनदा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती सगळ्यात मोठी, ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपास सगळ्यात कमी, तो भांग. हे गणित कोळी-खलाशांना तर पाठ असायचंच पण खाडीकाठच्या दुकानदारालाही यायचं, कारण त्याचा माल त्याच पाण्यावरून यायचा आणि पूरही त्याच वाटेने यायचा.

कोकणची जमीनच तशी आहे. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात सरळ रेषेत बऱ्याच ठिकाणी ५०-६० किलोमीटरच अंतर, त्यात चार महिन्यांत तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, घाटमाथ्यावर त्याच्या दुप्पट. वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री, आंबा, अर्जुना या सगळ्या नद्या कड्यावरून धाडकन खाली येतात आणि मग शेवटच्या टप्प्यात जमीन एकदम सपाट होते, नदीची खाडी होते. पाणी जोरात खाली येतंय आणि त्याच वेळी समोरून भरती चढतेय, असं झालं की पाण्याला जायला जागाच उरत नाही, मग ते दोन्ही काठांवर पसरतं. पाऊस तेवढाच पण ओहोटीच्या वेळी पडला तर निभावून जातं, उधाणात पडला तर बाजारपेठ पाण्यात.

आता आपली गावं नेमकी याच ठिकाणी का वसली? कारण ती सगळी बंदरं होती. चिपळूणचं गोवळकोट, महाड, राजापूर, नागोठणे, ही समुद्रकाठची गावं नाहीत, चांगली आत आहेत, पण भरतीच्या पाण्यावर गलबतं आणि पडाव तिथपर्यंत यायचे आणि तिथून बैलांच्या पाठीवर माल घाट चढायचा. चिपळूणहून कुंभार्ली, महाडहून वरंध, राजापूरहून अणुस्कुरा. म्हणजे भरतीचं पाणी जिथे संपतं तिथे बाजार सुरू होतो. गावाला मोठं केलं ते या जागेने आणि दर काही वर्षांनी बुडवतेही हीच जागा, त्यामुळे "नदीकाठी घरं बांधलीच कशाला" असं कोणी लांबून म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही वस्ती काही काल-परवाची अतिक्रमणं नाहीत, शेकडो वर्षांच्या पेठा आहेत. जुनी घरं नीट बघा, जोती उंच, आणि वर माळा. पाणी ओट्याला लागलं की धान्याची पोती माळ्यावर चढायची.

समुद्राच्या बाजूची कथा थोडी वेगळी आहे आणि ती फार कमी सांगितली जाते. अलिबाग-पेणच्या खारेपाटात लोकांनी पिढ्यानपिढ्या खाडीला मातीचे बांध घालून जमीन मिळवली. बांधाला लाकडी दारं, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तेच दार आपोआप बंद होतं. गोव्यात खाजन जमिनींना असंच असतं, तिथे त्या दाराला मानस म्हणतात आणि गावकरी मिळून त्याची देखभाल करायची. इकडे शिलोत्री म्हणून जमिनीचा प्रकारच होता, बांध घालून काढलेल्या जमिनीचा. बांध सांभाळणं हे एकट्याचं काम नव्हतंच. रात्री उधाणात बांधाला खांड पडली तर गावाने उठून चिखल, पेंढा, फांद्या जे मिळेल ते घेऊन धावायचं, कारण एकदा खारं पाणी आत शिरलं की भात गेलं, आणि पुढची दोन-तीन वर्षं पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत जमीन तशीच.

१९४८ साली मुंबई राज्यात खारभूमीचा कायदा झाला, नंतर १९७९ ला महाराष्ट्राचा वेगळा कायदा आला. बांध सरकारी योजनेत गेले, काही चांगले पक्के झाले, पण हळूहळू ते "सरकारचं काम" झालं आणि रात्री धावणारं गाव राहिलं नाही, तरुण मुलं मुंबईला किंवा कंपनीत. बांध फुटले, वेळेत दुरुस्त झाले नाहीत, शेतात कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल उभं राहिलं, आणि कांदळवन आलं की तिथे माती टाकायलाही परवानगी लागते. खारेपाटातल्या शेतकऱ्याचं हे दुखणं खरं आहे. कांदळवनाची गरजही तितकीच खरी आहे, लाटेचा मार तेच झेलतं, पण ज्याची सातबाऱ्यावरची जमीन खाडीत गेली त्याला हे कसं सांगायचं?

परत नदीकडे येतो. सगळ्यात मोठा बदल झालाय तो गाळाचा, आणि तो आजकालचा नाही. राजापूर सतराव्या शतकात एवढं मोठं बंदर होतं की इंग्रजांनी तिथे वखार घातली, पण पुढे खाडी भरत गेली आणि मोठी जहाजं वरपर्यंत येईनाशी झाली. आज त्याच राजापुरात जरा जोराचा पाऊस झाला की अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकात येतं, वर्षातून दोन-तीनदा सुद्धा, लोक त्याला आता बातमीही समजत नाहीत. डोंगरावरचं जंगल तुटलं, जहाजांच्या लाकडासाठी, कोळशासाठी, नंतर रस्ते आणि खाणींसाठी, आणि उघड्या उतारावरची माती पावसाबरोबर खाली आली. गलबतं चालायची तेव्हा खाडी खोल ठेवण्यात व्यापाऱ्यांचा फायदा होता. रस्ते आले, एसटी आली, ट्रक आले, मग खाडीकडे बघायला कोणालाच कारण उरलं नाही. माझ्या मते आजच्या पुरांची मुळं निम्मी तरी इथे आहेत.

मोठे पूर लोकांना तारखेनेच आठवतात. जुलै १९८९ मध्ये आंबा नदीने सुधागड तालुक्यातलं जांभूळपाडा एका रात्रीत उद्ध्वस्त केलं, नागोठण्यातही हाहाकार झाला. तो पूर भरतीचा नव्हता, वरून आलेल्या लोंढ्याचा होता. मग २६ जुलै २००५. सगळ्यांना मुंबई आठवते, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला जवळजवळ साडेचार मीटरची भरती, मिठी नदीचं पाणी जाणार कुठे. पण त्याच दोन दिवसांत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली आणि चिपळूणची बाजारपेठ बुडाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी आणि एक जीप अंधारात नदीत गेल्या.

आणि मग २२ जुलै २०२१. त्या दिवशी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि सावित्री तर तिथूनच निघते. वाशिष्ठीच्या खोऱ्यातही रात्रभर ओतत होता. आता तिथी बघा, पौर्णिमा दोन दिवसांवर, त्या दिवशी सकाळी त्रयोदशी, म्हणजे तेराची पाऊणपट पावणेदहा. खाडीच्या तोंडाशी दहाच्या सुमाराला उधाणाची भरती आणि ती वर चिपळूणपर्यंत यायला अजून थोडा वेळ. पहाटेच पाणी शिरायला लागलं होतं, ते उतरायच्या ऐवजी दिवसभर चढत गेलं. चिंचनाका, वडनाका, खेंड, पेठमाप, मुरादपूर, कितीतरी ठिकाणी पहिला मजला पाण्याखाली. लोक छपरांवर बसून होते, फोनची बॅटरी संपलेली. महाडमध्ये तीच गत, आणि त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड आली, त्यात ८० हून जास्त माणसं गेली. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, त्यात २००५ ला पाणी शिरलं होतं आणि २०२१ ला पुन्हा. ओली पुस्तकं पाहिली की पोटात तुटतं, दुकानातला माल परत भरता येतो, जुनी पुस्तकं कुठून आणणार.

कोयनेचा विषय काढल्याशिवाय चिपळूणच्या पुराची चर्चा पूर्ण होत नाही. कोयना ही खरं तर कृष्णेची उपनदी, पूर्वेला जाणारी. पण वीज करायला तिचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला खाली सोडतात आणि ते वाशिष्ठीत येतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेला सोडायची मर्यादा ठरवली ती वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. साठच्या दशकापासून हे चालू आहे, त्यामुळे वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते, आणि त्यामुळेच भर पावसात वीजनिर्मितीचं किती पाणी सोडलं हा प्रश्न गावात दरवेळी पेटतो. २०२१ ला बरेच लोक म्हणाले पाणी सोडल्यामुळेच झालं, सरकारी बाजूने पाऊस आणि भरती यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. मला वाटतं की उधाणाच्या वेळापत्रकाशी ही वीजनिर्मिती जोडून घेणं, आणि किती पाणी कधी सोडलं याचे आकडे त्याच दिवशी लोकांसमोर ठेवणं, एवढं तर मागता येतंच.

यात भरावाची भर. महाडचे लोक कितीतरी वर्षं सांगतायत की दासगावजवळ रेल्वेच्या भरावामुळे सावित्रीचं पाणी अडतं. हायवेचं चौपदरीकरण झालं, रस्ता उंच झाला, भातखाचरं बुजवून प्लॉट पडले, पूर्वी ज्या मळ्यांत पुराचं पाणी दोन दिवस थांबून निवांत ओसरायचं तिथे आता बिल्डिंगा. शिवनदी तर चिपळूणमध्ये नाल्यासारखी झाली होती. २०२१ च्या पुरानंतर निळी रेषा आणि लाल रेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या पूररेषा आल्या, अर्ध्याहून अधिक गावावर बांधकामाची बंधनं येणार म्हणून लोक हादरले. आधी गाळ काढा मग रेषा मारा, अशी मागणी झाली, डिसेंबरमध्ये साखळी उपोषण झालं, आणि त्यानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ खरोखर निघायला लागला, पोकलेन नदीत उतरले. कितीतरी वर्षांनी नदीचं पात्र कोणीतरी मनावर घेतलं, आणि ते लोकांनी बसून मिळवलं, हे लिहून ठेवायलाच हवं.

गाळ दरवर्षी येतच राहणार, डोंगर उघडे आहेत तोपर्यंत तरी. जुलैत पौर्णिमा जवळ आली आणि घाटात पावसाने जोर धरला की बाजारात खालच्या कप्प्यांतला माल वर चढायला लागतो, कोणीतरी मोबाईलवर भरतीची वेळ बघतो, आणि शेजारचे म्हातारे काका बोटांवर तिथीची पाऊणपट करून मोबाईलच्या आधी वेळ सांगतात.