कागद न मागणारे सहा महिने : ग्रीन ट्री पायथनच्या पैदाशीची पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या वनखात्याचं मुख्यालय नागपुरात आहे. त्यामुळे 2020 च्या उत्तरार्धात, केंद्राने दिलेल्या सहा महिन्यांच्या मुदतीत, कुठलाही कागद न दाखवता राज्यभरातल्या हौशी पाळकांनी आपल्याकडच्या परदेशी प्राण्यांची जी माहिती ऑनलाइन भरली, तिची तपासणी इथल्या टेबलांवर येणार होती. मकाऊ पोपट, इग्वाना सरडे, बॉल पायथन आणि त्यांच्यासोबत फांदीवर वेटोळं घालून दिवसभर न हलणारा ग्रीन ट्री पायथन हा हिरवा अजगरसुद्धा. हा साप आज नागपुरात कुणाच्या घरी कायदेशीर मानला जातो तो कशाच्या आधारावर, हे समजायचं तर त्या सहा महिन्यांकडे नीट पाहावं लागतं. त्याआधीचं थोडक्यात.

न्यू गिनी, तिच्या आसपासची आरू, बियाक यांसारखी बेटं आणि ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्कचं टोक हे याचं घर. 1872 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. पुढे बराच काळ तो ‘काँड्रोपायथन’ या वेगळ्या गणात होता. 1993 मध्ये तो मोरेलिया गणात गेला, पण जुने पाळक अजून त्याला ‘काँड्रो’च म्हणतात. 2020 मध्ये उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे साप दोन वेगळ्या जाती ठरले. तोवर पाळकांनी दोन्हींची सरमिसळ करून पिढ्या काढल्या होत्या.

बंदिस्त पैदाशीची सुरुवात 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत झाली. ती सोपी नव्हती आणि आजही नाही. नर-मादी एकत्र ठेवण्याआधी काही आठवडे रात्रीचं तापमान 21-22 अंशांपर्यंत उतरवावं लागतं. मादीने अंडी घातली की ती त्यांना विळखा घालून बसते आणि स्नायू थरथरवून ऊब देते. इनक्युबेटर वापरला तर साधारण 31 अंशांवर 50 दिवसांच्या आसपास पिल्लं बाहेर येतात, पण पुरती वाढ झालेली पिल्लं शेवटच्या टप्प्यात अंड्यातच मरण्याचं प्रमाण या सापात मोठं आहे. जगलेलं पिल्लू पेन्सिलीएवढं जाड असतं आणि पिंकी म्हणजे उंदराचं नवजात पिल्लूही ते बऱ्याचदा तोंडात घेत नाही. चिमट्यात धरलेली पिंकी अंगाला हलकेच लावत, चिडवून चिडवून पहिला घास द्यावा लागतो. यात आठवडे जातात. या कामात मन घालणाऱ्या पाळकांबद्दल मला आदर आहे.

पुढचा सगळा घोळ या अवघडपणातूनच सुरू होतो. एक पिल्लू वाढवायला एवढा खर्च आणि वेळ लागत असेल, तर इंडोनेशियातले फार्म दरवर्षी हजारो पिल्लं स्वस्तात कशी देतात? वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात सगळे अजगर किमान परिशिष्ट 2 मध्ये येतात, म्हणजे व्यापार चालतो पण परवान्यावर. जंगलातला ग्रीन ट्री पायथन पकडून विकायला इंडोनेशियात बंदी आहे, फार्ममध्ये जन्मलेल्याला निर्यातीची मुभा आहे. 2009 ते 2011 या काळात संशोधकांनी मालुकू आणि पापुआ भागात व्यापाऱ्यांकडे फिरून 4,227 बेकायदा पकडलेले साप मोजले. दरवर्षी निर्यात होणाऱ्यांपैकी किमान 80 टक्के साप जंगलातले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. जंगलातून आणलेला साप फार्मच्या नोंदवहीत चढतो आणि ‘बंदिस्त जन्मलेला’ होऊन बाहेर पडतो. त्याच संशोधकांनी उपायही सुचवला होता : प्रत्येक पिल्लामागे अंड्याचं कवच जपून ठेवा आणि ते दाखवल्याशिवाय निर्यात परवाना देऊ नका.

आता आपल्याकडे येऊ. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी सापांना संरक्षण मिळालं. भारतीय अजगर तर अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. नागपूरजवळ गोरेवाडा, उमरेड, पेंचच्या बाजूला शेतात किंवा कोंबड्यांच्या खुराड्यात अजगर निघाला की सर्पमित्र येतात, पकडतात, वनखात्याला कळवतात आणि जंगलात सोडतात. घरी ठेवायचा प्रश्नच नाही. विदर्भात सापांबद्दल जिव्हाळा असलेली पोरं कमी नाहीत आणि त्यांच्यापैकी ज्यांना साप जवळून, वर्षानुवर्षं पाहायचा होता, त्यांच्यासमोर एकच मोकळी वाट उरली, ती परदेशी सापाची. कारण 1972 च्या कायद्याच्या अनुसूचींत परदेशी जाती नव्हत्या. आयातीला परवाना हवा, पण एकदा साप देशात आला की घरात ठेवण्यावर थेट बंदी नव्हती. कस्टम्सच्या काउंटरपलीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

जून 2020 मध्ये केंद्राने ही पोकळी भरायला एक सूचना काढली. साइट्सच्या परिशिष्टांत असलेला, पण आपल्या अनुसूचींत नसलेला कोणताही जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल, त्याने परिवेश या केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या पोर्टलवर स्वतःहून जाहीर करावा. सहा महिन्यांत जाहीर केला तर तो कुठून आला याचा एकही कागद मागितला जाणार नाही. मुदतीनंतर मात्र आयातीची कागदपत्रं दाखवावी लागतील. मुदतीत जाहीर करणाऱ्यांना चौकशीपासून संरक्षण आहे, हे न्यायालयांनीही मान्य केलं.

या सूचनेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. लोकांकडे प्राणी आहेतच. कागद मागितले तर ते लपवतील, नाहीतर रात्री अंबाझरी तलावाच्या काठावर सोडून देतील. आधी यादी तरी होऊ द्या. या म्हणण्यात तथ्य होतं. परदेशी प्राणी बेवारस सोडले जाण्याचा धोका खरा आहे, आणि ज्याची नोंदच नाही त्याच्यावर कोणता कायदा लावणार?

तरीही मला हा निर्णय चुकीच्या टोकाने सुरू झालेला वाटतो. ग्रीन ट्री पायथनच्या बाबतीत महत्त्वाचा प्रश्न एकच होता, साप जंगलातून आला की अंड्यातून, आणि नेमका तोच विचारायचा नाही असं ठरलं. पापुआच्या जंगलातून पकडून, फार्मच्या वहीतून फिरून, कुणाच्या तरी बॅगेतून इथवर पोहोचलेला साप आणि एखाद्याने जीव लावून अंड्यातून वाढवलेला साप पोर्टलवर एका रांगेत आले. शिवाय मुदत सहा महिन्यांची होती, आणि त्या काळात घाईघाईने आणलेला प्राणी जुनाच आहे असं दाखवण्यापासून रोखणारं काही नव्हतं. किमान जन्मतारीख, पालक जोडी, कवचं किंवा कातीचे नमुने एवढं तरी मागता आलं असतं. ज्यांनी खरोखर पैदास केली होती, त्यांच्याकडे हे पुरावे होते. तोटा झाला तो त्यांचाच. त्यानंतरच्या वर्षांत चेन्नई, मुंबईच्या विमानतळांवर बँकॉकहून आलेल्या बॅगांतून परदेशी अजगर निघत राहिले, हेही नोंदवायला हवं.

वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने गोष्ट सूचनेतून कायद्यात आली. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या या दुरुस्तीत साइट्समधल्या जातींसाठी नवी अनुसूची 4 आहे आणि बाळगणं, हस्तांतर, जन्म, मृत्यू सगळं कळवणं बंधनकारक आहे. नोंदणीचे नियम फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस निघाले, पुन्हा सहा महिन्यांच्या मुदतीसह. पैदाशीचा परवाना मात्र परिशिष्ट 1 मधल्या, म्हणजे सर्वांत धोक्यात असलेल्या प्राण्यांसाठी आहे. ग्रीन ट्री पायथन परिशिष्ट 2 मध्ये असल्याने त्याच्या पाळकाला पिल्लांचा जन्म फक्त कळवायचा आहे.

नागपूरच्या हवेत हा जन्म घडवून आणणं हे वेगळंच काम. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत. कूलर लावला तर दमटपणा मिळतो पण तापमान हवं तसं धरता येत नाही, एसी लावला तर हवा आणखी सुकते. सापाला दिवसा 28 ते 31 अंश आणि ओलावा हवा, तोही सतत नको, नाहीतर श्वसनाचा संसर्ग होतो. डिसेंबर-जानेवारीत उलट. रात्र 10 अंशांखाली जाते, म्हणजे पैदाशीसाठी हवा असलेला गारवा फुकट मिळतो, पण गरजेच्या दुप्पट, आणि हीटर बंद पडला तर साप गेला. इथे अंड्यातून पिल्लू काढणाऱ्याकडे तापमानाच्या नोंदी हमखास सापडतात, कारण त्यांच्याशिवाय ते जमतच नाही. पुरावा म्हणून त्या कुणी मागत नाही, एवढंच.

शिवाय ओळख पटवण्याची अडचण आहे. पिल्लं पिवळी किंवा विटकरी लाल असतात आणि पुढे हिरवी होतात. जन्मावेळी काढलेला फोटो वर्षभरानंतरच्या सापाशी जुळत नाही, आणि मायक्रोचिप टाकायला ते पिल्लू फारच लहान असतं. म्हणजे जन्म कळवल्यापासून साप हिरवा होईपर्यंतच्या काळात एक पिल्लू मेलं आणि त्या जागी बाहेरून दुसरं आणून ठेवलं, तर नुसत्या फोटोवरून ते पकडता येणार नाही. रंग बदलताना ठरावीक अंतराने फोटो, प्रत्येक कात तारखेसह आणि फोडलेल्या अंड्यांची कवचं मोजून, एवढं नोंदणीसोबत मागितलं तर ही फट बुजते. यातलं बहुतेक सगळं मन लावून पाळणारे आजही स्वतःच्या वहीत ठेवतात.