सोळा गोलांचा खेळाडू का ठेवायचा?

२०१६-१७ च्या हंगामात कोलोरॅडो अ‍ॅव्हलांश हा आइस हॉकीचा संघ नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, अगदी तळाला गेला. ८२ सामन्यांत २२ विजय आणि अवघे ४८ गुण. लीगमध्ये २००५ साली वेतनमर्यादा, म्हणजे प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावरची मर्यादा, आल्यापासून पूर्ण लांबीच्या हंगामात इतकी वाईट कामगिरी तोवर कोणत्याही संघाची झालेली नव्हती. या संघात नेथन मॅकिनन नावाचा २१ वर्षांचा आघाडीचा खेळाडू होता. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाक्रमाने निवडण्याच्या वार्षिक फेरीत, त्याची निवड पहिल्या क्रमांकावर झाली होती, २०१६ च्या उन्हाळ्यात संघाने त्याच्याशी सात वर्षांचा, वर्षाला सरासरी ६३ लाख डॉलरचा करार केला होता, आणि त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात त्याने गोलवर २५१ फटके मारून केवळ १६ गोल केले. त्याच संघातल्या, तेव्हा २६ वर्षांच्या मॅट डुशेनने १८ गोल केले होते आणि त्याचे वेतनही जवळपास तेवढेच, वर्षाला ६० लाख डॉलर होते. संघाचे व्यवस्थापक जो सॅकिक यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये डुशेनला दुसऱ्या संघाकडे पाठवले आणि मॅकिननला ठेवले.

ढासळलेला संघ नव्याने बांधताना कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे आणि कोणाशी नवा करार करायचा, हा प्रश्न वरकरणी पारखी नजरेचा वाटतो. नजर लागतेच, पण त्याआधी एका साध्या सांख्यिकी प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: खेळाडूच्या नावापुढच्या आकड्यात त्याचे कसब किती आणि योगायोग किती?

आइस हॉकीत गोल फार थोडे होतात. गोलवर मारलेल्या फटक्यांपैकी सर्वसाधारणपणे दहातला एक आत जातो. मारलेला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, वाटेत कोणाच्या तरी स्टिकला लागून वळतो, गोलरक्षकाच्या पॅडच्या कडेला घासून बाहेर जातो किंवा गोलखांबाच्या आतल्या बाजूला आदळून जाळीत शिरतो, आणि यातल्या कित्येक गोष्टी मारणाऱ्याच्या हातात नसतात. समजा, एका खेळाडूचे खरे कसब असे आहे की त्याचा प्रत्येक फटका गोल होण्याची शक्यता १० टक्के आहे. त्याने हंगामात २०० फटके मारले, तर २० गोलांची अपेक्षा धरावी. परंतु संभाव्यतेच्या नियमानुसार या संख्येचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडा अपेक्षेपासून सर्वसाधारणपणे किती हलतो याचे माप, २०० × ०.१ × ०.९ या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.२ इतके येते. साधारणपणे वीसपैकी एकोणीस हंगामांत त्याचे गोल अपेक्षेच्या दुप्पट विचलनाच्या आत, म्हणजे १२ ते २८ यांच्या दरम्यान कुठेही पडू शकतात. खेळाडू तोच, मनगट तेच, मेहनतही तीच. तरी एका वर्षी १२ गोलांमुळे त्याच्या नावाने बोटे मोडली जातात आणि दुसऱ्या वर्षी २८ गोलांमुळे त्याला डोक्यावर घेतले जाते.

आता मॅकिननकडे पाहू. २५१ फटक्यांना १० टक्क्यांच्या हिशेबाने २५ गोल अपेक्षित होते आणि विचलन सुमारे ४.८ होते. १६ हा आकडा अपेक्षेच्या खाली खरा, परंतु निव्वळ दुर्दैवाच्या आवाक्यातला. याउलट २५१ फटके मारण्याच्या जागी पोहोचणे, म्हणजे बचावपटूंना चुकवून पक ताब्यात ठेवणे आणि पुन्हा पुन्हा गोलसमोर येणे, हे दैवाने घडत नाही, आणि म्हणूनच फटक्यांची संख्या एका हंगामाकडून दुसऱ्या हंगामाकडे गोलांच्या टक्केवारीपेक्षा कितीतरी जास्त टिकून राहते. २०१७-१८ मध्ये मॅकिननने २८४ फटक्यांत ३९ गोल केले. फटके आठव्या हिस्स्याने वाढले आणि गोल जवळजवळ अडीच पट झाले. तो त्या वर्षात खेळाडू म्हणूनही सुधारला, हे मी नाकारत नाही. मात्र ज्याने आदल्या वर्षी केवळ गोल मोजले असते, त्याला ही सुधारणा यायच्या आतच खेळाडू गमवावा लागला असता.

आकड्यातला योगायोग वजा करण्याची रीत जुनी आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना दाखवले की टोकाच्या मापानंतरचे माप सरासरीकडे झुकते. हॉकीत हेच तत्त्व असे वापरता येते: खेळाडूच्या स्वतःच्या फटक्यांत सरासरी दर्जाचे काही काल्पनिक फटके मिसळायचे आणि मग टक्केवारी काढायची. २०० फटक्यांत २८ गोल करणाऱ्याची टक्केवारी १४ दिसते. त्यात १० टक्क्यांचे २०० फटके मिसळले की ४०० फटक्यांत ४८ गोल, म्हणजे १२ टक्के होतात, आणि पुढच्या वर्षी त्याच्याकडून २८ ऐवजी २४ गोलांची अपेक्षा धरणे शहाणपणाचे ठरते. त्याने तीन हंगामांत मिळून ६०० फटक्यांत ८४ गोल केले असते, तर याच रीतीने १३ टक्के आले असते, कारण पुरावा वाढला की सरासरीची ओढ कमी होते. किती फटके मिसळायचे हे जुन्या हंगामांच्या आकडेवारीवरून ठरवतात. २०० हा आकडा मी केवळ रीत दाखवण्यासाठी घेतला आहे.

संपूर्ण संघाच्या बाबतीतही हाच धोका असतो. खेळाडू बर्फावर असताना दोन्ही बाजूंनी गोलच्या दिशेने मारलेले सगळे फटके, म्हणजे अडवलेले आणि चुकलेलेसुद्धा, मोजून जो फरक काढतात त्याला कोर्सी म्हणतात. बफेलो सेबर्स संघाचे तेव्हाचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कोर्सी यांच्यावरून हे नाव पडले. २०१३-१४ मध्ये याच कोलोरॅडो संघाने ११२ गुण मिळवले होते, मात्र त्या हंगामात प्रतिस्पर्धी त्यांच्यापेक्षा जास्त फटके मारत होते आणि संघ तरला होता तो गोलांच्या व बचावाच्या चढ्या टक्केवारीवर. पुढच्या वर्षी ९० गुण झाले आणि प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, हुकला. २०१४ च्या उन्हाळ्यात ‘संघ तयार झाला’ असे समजून खेळाडू निवडणे ही दिशाभूल ठरली असती.

गोलरक्षकाची पारख तर सर्वांत अवघड. ९१ टक्के फटके अडवण्याची क्षमता असलेल्या रक्षकावर हंगामात १,५०० फटके आले, तर तो १३५ गोल खाईल अशी अपेक्षा. पण केवळ योगायोगाने हा आकडा ११३ ते १५७ यांच्या दरम्यान हलू शकतो. टक्केवारीत सांगायचे तर ८९.५ आणि ९२.५ यांतला फरक, आणि लीगमध्ये तर हा सामान्य रक्षक आणि नामांकित रक्षक यांच्यातला फरक समजला जातो. एका चांगल्या हंगामाच्या जोरावर गोलरक्षकाला लांबलचक करार देणे मला म्हणूनच सर्वांत धाडसाचे वाटते, आणि फेरबांधणीच्या सुरुवातीच्या वर्षांत तर त्याची गरजही नसते.

यानंतर येते वय. जेम्स ब्रँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७-९८ ते २०११-१२ या हंगामांची आकडेवारी तपासून २०१४ साली मांडले की आघाडीच्या खेळाडूंची गोलांतली कामगिरी २७-२८ व्या वर्षी शिखरावर असते, बचावपटूंची २८-२९ व्या वर्षी, आणि गोलरक्षकांत वयानुसार फारसा फरक दिसत नाही. अशा अभ्यासात एक खाच असते, ती लक्षात ठेवायला हवी. तिशीनंतर ज्यांचा खेळ उतरतो ते संघाबाहेर जातात आणि आकडेवारीतूनही नाहीसे होतात; उरतात ते मुळातच असामान्य असलेले. त्यामुळे चौतिशीच्या खेळाडूंची नुसती सरासरी काढली तर उतार असतो त्यापेक्षा सौम्य दिसतो. हा दोष टाळण्यासाठी एकाच खेळाडूच्या लागोपाठच्या दोन वर्षांची तुलना केली किंवा प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी धरली, तरी वगळलेल्यांचा प्रश्न पूर्ण सुटत नाही.

फेरबांधणी करणाऱ्या संघाच्या बाबतीत वयाला एक दुसरे माप लावावे लागते, आणि माझ्या मते सगळा प्रश्न इथेच येऊन ठेपतो: खेळाडू आज किती चांगला आहे यापेक्षा, संघ ज्या वर्षी जिंकण्याची आशा धरतो त्या वर्षी तो किती चांगला असेल? २०१७ मध्ये तळाला असलेला संघ चार-पाच वर्षांनी वर येईल असे धरले, तर तेव्हा मॅकिनन २६ वर्षांचा आणि डुशेन ३१ वर्षांचा होणार होता. दोघांचे आजचे मोल सारखे मानले, तरी त्या वर्षीचे मोल सारखे राहत नाही. शिवाय डुशेनचा करार २०१९ मध्येच संपत होता. संघ उभा राहण्याआधीच त्याची गाठ सुटणार होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डुशेनने वयाच्या ३१ व्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, नॅशव्हिलकडून तब्बल ४३ गोल केले, आणि त्याच्या पुढच्या हंगामात २२. वयाचा आलेख हा अनेकांच्या सरासरीचा असतो. एखाद्या माणसाने त्याच्याबरहुकूम चालावे असे बंधन नाही. व्यवस्थापकाने पैज लावायची असते ती शक्यतेवर.

पैजेची किंमत ठरते वेतनमर्यादेमुळे. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या वादात रद्द झाल्यानंतर ही मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती आणि २०२१-२२ पर्यंत ८ कोटी १५ लाखांवर गेली. मॅकिननचे ६३ लाख २०१६-१७ मध्ये मर्यादेच्या ८.६ टक्के होते, तर २०२१-२२ मध्ये ७.७ टक्के. तरुण खेळाडूशी लवकर केलेला लांब करार असा वर्षागणिक स्वस्त होत जातो आणि वाचलेल्या पैशांतून बाकीचा संघ उभा राहतो.

खुल्या बाजाराची गत याच्या उलट असते. साधारण २७ व्या वर्षी, किंवा लीगमध्ये सात हंगाम पूर्ण झाल्यावर, खेळाडू कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा होतो, म्हणजे तो बाजारात येतो तोच शिखराजवळ. आणि तिथे लिलावाचा एक जुना सापळा असतो. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघा तंत्रज्ञांनी १९७१ साली समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांविषयी लिहिताना तो उलगडून दाखवला: अनेकांनी एकाच वस्तूचा स्वतंत्र अंदाज बांधला, तर लिलाव तोच जिंकतो ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो. दहा संघांनी एका खेळाडूची किंमत लावली आणि तो आपल्या पदरात पडला, तर उरलेल्या नऊ जणांनी त्याला कमी का लेखले, याचा विचार सहीपूर्वीच करायला हवा.

ड्राफ्टमध्येही खात्री नसते. निवडीचा क्रम ठरवणाऱ्या २०१७ च्या लॉटरीत पहिल्या क्रमांकाची सर्वाधिक शक्यता कोलोरॅडोचीच होती, पण तीही सुमारे १८ टक्केच, आणि संघ चौथ्या क्रमांकावर घसरला. त्या चौथ्या क्रमांकावर त्यांनी केल मकार हा बचावपटू घेतला. एडमंटनला २०१० ते २०१२ अशी सलग तीन वर्षे पहिली निवड मिळूनही २०१६ पर्यंत प्लेऑफ गाठता आला नाही, तर डेट्रॉइटला हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर सापडला. निवड करणाऱ्यांची नजरही एका बाजूला कलते. रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासानुसार १९८० ते २००६ या काळात निवडलेल्यांपैकी ३६ टक्के मुले वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली होती आणि शेवटच्या तिमाहीत जन्मलेली १४.५ टक्के, कारण लहान वयोगटात सहा-आठ महिन्यांनी मोठे असलेले मूल अंगाने भरलेले असते आणि तेच गुणी वाटते. उशिरा जन्मलेल्यांनी मात्र पुढे आपल्या निवड-क्रमांकाच्या मानाने सरस कामगिरी केली. अशा अनिश्चिततेत एका निवडीवर सगळी मदार ठेवण्यापेक्षा निवडींची संख्या वाढवणे बरे. सॅकिक यांनी डुशेनच्या बदल्यात एक मोठे नाव न मागता काही तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या निवडी घेतल्या. त्यातल्या ऑटावाच्या पहिल्या फेरीच्या निवडीतून २०१९ मध्ये चौथ्या क्रमांकावर बोवेन बायरम आला.

जून २०२२ मध्ये कोलोरॅडोने स्टॅनली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला. मॅकिनन, मकार आणि बायरम तिघेही त्या संघात होते, आणि ४८ गुणांच्या हंगामात विशीत असलेला, संघाने तेव्हा जपलेला मिको रँटानेनही होता.

मग घड्याळ पुन्हा फिरले. मॅकिननचा स्वस्त करार संपला आणि २०२३-२४ पासून त्याला वर्षाला १ कोटी २६ लाख डॉलर द्यावे लागू लागले. २८ वर्षांचा झालेला रँटानेन नव्या कराराच्या उंबरठ्यावर आल्यावर जानेवारी २०२५ मध्ये संघाने त्याला कॅरोलिनाकडे पाठवले. मार्चमध्ये तो तिथून डॅलसला गेला आणि आठ वर्षांच्या, वर्षाला १ कोटी २० लाखांच्या करारावर त्याने सही केली. त्याच वसंतात प्लेऑफच्या पहिल्या फेरीत डॅलस आणि कोलोरॅडो समोरासमोर आले, आणि सातव्या, निर्णायक सामन्याच्या शेवटच्या सत्रात रँटानेनने तीन गोल करून आपल्या जुन्या संघाला बाहेर काढले. तीन गोलांवरून त्या निर्णयाचा निकाल लावणे हे १६ गोलांवरून मॅकिननला तोलण्यासारखेच होईल. डॅलसचा तो करार संपेल २०३३ मध्ये, आणि तेव्हा रँटानेन ३६ वर्षांचा असेल.