अल्पछेद शस्त्रक्रिया

शरीर मोठ्या छेदाने न उघडता, काही मिलिमीटरांच्या छिद्रांतून, नाकातोंडासारख्या नैसर्गिक मार्गांतून किंवा थेट रक्तवाहिनीतून आत पोहोचून केलेली शस्त्रक्रिया म्हणजे अल्पछेद शस्त्रक्रिया. बोलताना तिला सर्रास 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतात. मात्र तिचे काही प्रकार दुर्बिणीविना, क्ष-किरणांच्या आधारानेही होतात. बाहेरची जखम लहान असली तरी आतले काम लहान नसते. पित्ताशय काढायचे तर तीच धमनी आणि तीच नलिका बंद करून कापावी लागते. टळते ते पोटाच्या भिंतीचे कापणे. त्यामुळे दुखणे, जखम चिघळणे आणि पुढे टाक्यांच्या जागी हर्निया होणे कमी होते व रुग्ण लवकर हिंडू-फिरू लागतो.

या तंत्रापुढे सुरुवातीपासून तीन अडचणी होत्या: आत उजेड न्यायचा कसा, तिथले दृश्य बाहेर आणायचे कसे आणि हात चालवायला जागा करायची कशी. त्या कोणा एका विद्याशाखेने सोडवल्या नाहीत. एकाचे उपकरण दुसऱ्याने उचलले, तेव्हा तेव्हा हे शास्त्र पुढे सरकले.

फिलिप बोझिनी या जर्मन डॉक्टरने १८०६ साली मेणबत्ती आणि आरसा वापरून शरीरात डोकावण्याचे साधन मांडले. उजेड बाहेरच राहिल्याने त्यातून फारसे दिसत नसे. मॅक्सिमिलियन नित्से यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस दिवाच मूत्राशयात नेला. तापून उजळणारी प्लॅटिनमची तार आणि ती थंड ठेवण्यासाठी सतत खेळवलेले पाणी अशी त्यांच्या सिस्टोस्कोपची रचना होती. मूत्रमार्गाच्या आजारांसाठी घडवलेल्या या नळीचा पुढचा प्रवास विलक्षण आहे. १९०१ मध्ये गेओर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून या नळीतून आत पाहिले. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्टियन याकोबेउस यांनी माणसाचे पोट आणि छाती तपासली, तर १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी सिस्टोस्कोप मृतदेहाच्या गुडघ्यात घातला. ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली दुर्बिणीतून गुडघ्याच्या फाटलेल्या कूर्चेचा भाग काढला. आज खेळाडूंच्या गुडघ्यावर होणाऱ्या आर्थ्रोस्कोपीची ही पायाभरणी होती.

क्षयरोगाचा या इतिहासातला वाटा अनेकदा विसरला जातो. प्रभावी औषधे नव्हती तेव्हा छातीत हवा भरून रोगट फुप्फुस मिटवून ठेवत. हंगेरीच्या यानोश वेरेश यांनी त्यासाठी १९३८ मध्ये स्प्रिंगची सुई प्रसिद्ध केली. ऊतींचा विरोध संपून टोक पोकळीत शिरताच तिच्यातला बोथट गाभा पुढे सरकतो आणि तीक्ष्ण धार झाकतो. तो उपचार मागे पडला. ती सुई मात्र आज जगभर पोटात वायू भरण्यासाठी वापरली जाते.

दृश्याची अडचण ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी सोडवली. जुन्या नळीत छोटी भिंगे आणि त्यांच्यामध्ये हवेच्या लांब पोकळ्या असत. हॉपकिन्स यांनी १९५९च्या सुमारास ही मांडणी उलटी केली: काचेचे लांब दंड आणि मध्ये हवेच्या छोट्या फटी. बारीक नळीतूनही भरपूर उजेडाचे, स्वच्छ चित्र मिळू लागले. काचतंतूंतून बाहेरच्या दिव्याचा प्रकाश आत नेता आल्यामुळे आतल्या तापत्या दिव्याचीही गरज उरली नाही.

पोटाच्या शस्त्रक्रियेतले पुढचे पाऊल स्त्रीरोगतज्ज्ञांनी टाकले. जर्मनीतल्या कील येथील कुर्ट झेम यांनी वायूचा दाब आपोआप राखणारे यंत्र विकसित केले आणि १९८०च्या सुमारास लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटातल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने, अपेंडिक्स काढले. कौतुक दूरच, त्यांना शस्त्रक्रिया करण्यास मनाई करावी, अशी मागणी जर्मन शल्यचिकित्सकांतून झाली. १९८५ मध्ये ब्योब्लिंगेन येथे एरिश म्यूहे यांनी त्याच तंत्राने पित्ताशय काढले, तेव्हा त्यांच्याही वाट्याला अविश्वासच आला. त्यांच्याच देशाच्या शल्यचिकित्सक संघटनेने १९९२ मध्ये त्यांचा गौरव केला. तोवर ही शस्त्रक्रिया सर्वत्र पसरली होती.

इतक्या झपाट्याने ती पसरण्यामागे छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा मोठा हात आहे. आधी शल्यचिकित्सक वाकून एका डोळ्याने नळीत पाहत असे आणि सहायकाला आत काय चालले आहे ते दिसत नसे. फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये पित्ताशय काढले त्या सुमारास चित्र पडद्यावर येऊ लागले होते. आता सहायक कॅमेरा धरू शकत होता, शल्यचिकित्सकाचे दोन्ही हात मोकळे झाले आणि शिकणाऱ्यांनाही तेच दृश्य दिसू लागले.

प्रत्यक्षात बेंबीजवळ सुई किंवा नळी घालून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. दाब साधारण १२ ते १५ मिमी पारा. हा वायू जळत नाही, शिवाय रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. शस्त्रक्रियेनंतर काहींचा खांदा दुखतो, कारण ताणल्या गेलेल्या श्वासपटलाची संवेदना खांद्याशी जोडलेल्या मज्जामार्गाने जाते. लांब अवजारे पोटाच्या भिंतीवर टेकून फिरतात; हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. बोटांना होणारी ऊतीच्या मऊ-कठीणपणाची जाणीव बरीच हरवते. खुल्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या हातांनाही हे नव्याने शिकावे लागले.

रक्तवाहिन्यांचा मार्ग स्वतंत्रपणे उघडला. चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये पायाची अरुंद झालेली धमनी आतूनच रुंद केली. आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी १९७७ मध्ये झुरिचला हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला. २००२ मध्ये आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता महाधमनीची झडप बसवली. डोळ्यांच्या बाबतीत चार्ल्स केलमन यांना दातांचे कीटण काढणाऱ्या ध्वनिलहरींच्या अवजारावरून मोतीबिंदूच्या 'फेको' या तंत्राची कल्पना सुचली. १९६७ पासून त्या तंत्राने मोतीबिंदू आतच फोडून शोषून घेता येऊ लागला. १९७६ मध्ये पाठीतल्या छोट्या छिद्रातून मूतखडा काढला गेला. २००० साली अमेरिकेत 'दा विंची' या रोबोटिक यंत्रणेला मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बसून झाक मारेस्को यांनी स्ट्रासबर्गमधल्या रुग्णाचे पित्ताशय काढले.

पित्ताशयाची लॅप्रोस्कोपी झपाट्याने पसरली, पण या घाईची किंमत रुग्णांनी मोजली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पित्तनलिका चुकून कापली जाण्याचे प्रकार वाढले. त्यावर उपाय म्हणून १९९५ मध्ये एक शिस्त मांडली गेली: पित्ताशयाकडे जाणाऱ्या केवळ दोनच रचना चारही बाजूंनी मोकळ्या दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही. दिसत नसेल तर पोट उघडणे हाच योग्य निर्णय असतो. त्याला अपयश म्हणू नये.

कर्करोगात तर अवयवागणिक उत्तर बदलते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात लॅप्रोस्कोपीचे परिणाम खुल्या शस्त्रक्रियेइतकेच चांगले असल्याचे २००४ च्या मोठ्या चाचणीत दिसले. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मात्र २०१८ च्या चाचणीचा निकाल उलटा लागला. साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेनंतर ९६.५ टक्के, तर अल्पछेद शस्त्रक्रियेनंतर ८६ टक्के होते. त्यानंतर या आजारात गर्भाशय व भोवतालच्या ऊती काढण्यासाठी अनेक केंद्रे पुन्हा खुल्या शस्त्रक्रियेकडे वळली.