केटामाइन उपचार (नैराश्यावरील)

केटामाइन हे मूळचे भुलेचे औषध. भुलेच्या मात्रेहून बऱ्याच कमी मात्रेत ते इतर औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र नैराश्यावर देतात. नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. केटामाइनने अनेक रुग्णांना काही तासांतच उतार पडतो. आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या माणसासाठी एवढा अवधीही मोलाचा असतो, आणि या औषधाचे खरे महत्त्व तिथेच आहे.

कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी ते १९६२ साली अमेरिकेतील पार्क-डेव्हिस कंपनीसाठी तयार केले. १९७० मध्ये तिथे भुलेसाठी मान्यता मिळाली. श्वास फारसा मंदावत नसल्याने रणांगणावर आणि अपुऱ्या सोयींच्या रुग्णालयांत ते रुळले. नैराश्यावरील पहिली नियंत्रित चाचणी येल विद्यापीठातून २००० साली प्रसिद्ध झाली. ती पूर्ण करणारे रुग्ण अवघे ७ होते. तेव्हा वापरलेली मात्रा, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, शिरेतून ४० मिनिटांत, आजही प्रचलित आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधक कार्लोस झराटे यांच्या गटाला एका दिवसात ७१ टक्के रुग्णांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली.

ग्लुटामेट हे मेंदूतील पेशींमध्ये संदेश नेणारे रसायन. ते पेशीवर जिथे जोडले जाते त्या जागांना ग्राही म्हणतात. केटामाइन त्यांपैकी एनएमडीए नावाचे ग्राही अडवते. त्यातून चेतापेशींमधले सांधे नव्याने वाढतात असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. माणसातला गुण नेमका यातूनच येतो का, यावर एकमत नाही.

परिणामांच्या मोजणीत मोठी अडचण आहे. औषध चढताच शरीरापासून सुटल्यासारखे वाटते, त्यामुळे आपल्याला खरे औषध मिळाले हे रुग्ण ओळखतो आणि आशेनेच काही अंशी बरे वाटू लागते. म्हणून २०१३ च्या एका चाचणीत तुलनेसाठी सलाइनऐवजी गुंगी आणणारे मिडाझोलाम दिले. दुसऱ्या दिवशी केटामाइनच्या गटात ६४ टक्के, तर मिडाझोलामच्या गटात २८ टक्के रुग्ण सुधारले. याउलट २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत भुलेखाली असलेल्या रुग्णांना केटामाइन दिले, तेव्हा ते आणि सलाइन यांत फरक आढळला नाही. सुधारणा दोन्ही गटांत झाली. हा निष्कर्ष बाजूला सारता येणार नाही. तरी त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत, भ्रम नसलेल्या नैराश्यात केटामाइन विद्युत उपचारांपेक्षा (बोलीभाषेत 'शॉक') कमी ठरले नाही, हेही खरे.

एका मात्रेचा गुण बहुधा आठवडाभरात ओसरतो, म्हणून मात्रा पुन्हा द्यावी लागते. रक्तदाब वाढणे, मळमळ, भासमय अवस्था हे तात्पुरते त्रास. दीर्घकाळ गैरवापर झाल्यास मूत्राशयाला गंभीर इजा होते. व्यसनही लागू शकते. एस्केटामाइनचा (केटामाइनचाच एक प्रकार) नाकातील फवारा अमेरिकेत २०१९ पासून मान्य आहे, पण तो घरी नेता येत नाही: मात्रेनंतर किमान दोन तास देखरेखीखाली बसावे लागते.

भारतात शिरेतून दिले जाणारे केटामाइन भुलेसाठीच मान्य असल्याने नैराश्यावरचा त्याचा वापर मनोविकारतज्ज्ञाच्या निर्णयावर होतो. ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणि औषध नियमांच्या परिशिष्ट 'एक्स'मध्ये मोडते, त्यामुळे विक्रीवर कडक बंधने आहेत.